झाकून ठेवलेला अँप्लिफायर

शनिवार, २ एप्रिल

तामनरासेतला पोचलो एकदाचा. दोन दिवस बस आणि शेवटचा दिवस कांद्याच्या ट्रकच्या टपावर. कानात वाळू, दातात वाळू, तरी सकाळपासून उगाच हसू येतंय. मामांच्या दुकानाची निळी फळी तशीच आहे. 'रेडिओ, टेप, पंखे, गिटारचे अँप.' सगळा रंग उडालाय, 'पंखे' तेवढं नव्याने रंगवलंय. मामांनी तळहाताला तळहात घासून विचारपूस केली, आणि आपल्याकडची विचारपूस म्हणजे पूर्ण विचारपूस: तू कसा, घरचे कसे, थकवा कसा, ऊन कसं, उंट कसे. उंट विकून चार वर्षं झाली. मीही म्हटलं, बरे आहेत.

कॉलेज का सोडलं ते मामांनी विचारलं नाही. मामेबहीण राइशाने मात्र चहा ओतायच्या आधीच विचारलं. म्हणाली, या इंजिनियरसाहेब, शिकून आलात की हाकलून दिलं? मी म्हटलं, अर्धं अर्धं. म्हणाली, वाटलंच, तू लहानपणापासून ताटातलंसुद्धा कधी पुरतं संपवलं नाहीस. मामेबहिणीला आमच्यात टोचायचा हक्कच असतो, रागवायचं नसतं. रागवलो नाही. खरं तर अल्जियर्स सोडल्यापासून राग येतच नाहीये. प्रयोगशाळेतला मास्तर मला 'तुम्ही वाळवंटातली जनावरं' म्हणाला आणि मी त्याच्या कानाखाली काढली, तेव्हा होता नव्हता तेवढा संपला बहुतेक. सगळं कसं चादरीआडून दिसावं तसं दिसतं. आजचं हसू तेवढं खरं.

कारण तिसऱ्या चहाला राइशाने निरोप दिला. लेमतूनाचा. शुक्रवारी १५ तारखेला, रमजान लागायच्या आधीची शेवटची मैफल आहे, नदीच्या कोरड्या पात्रात, दुपारची नमाज झाल्यावर. मी गिटार घेऊन यायचं, वाजवायचं, आणि मग ती मला उत्तर देणार, मी शिकायला जाताना तिला विचारलं होतं त्याचं. आपल्याकडे देतात तसंच. हात हातात घेऊन, चादरीखाली, तळहातावर बोटाने लिहून. हो किंवा नाही. दोन वर्षं मी अल्जियर्सला खोलीच्या छताखालच्या पाण्याच्या पाइपाकडे बघत या उत्तराची वाट पाहिली. आता तेरा दिवस.

राइशा म्हणाली, फार फुगू नकोस, तिच्या मागे लागलेला तो जीपवालाही येणार आहे. येऊ दे.

सोमवार, ४ एप्रिल

दुकानाचं काम सोपं आहे. सकाळी पंखे. सगळ्या गावाचे पंखे एकाच दुखण्याने आजारी, वाळू. मग एक ते चार गाव झोपतं. रस्त्यावर कुत्रंही नसतं, ऊन इतकं पांढरं पडतं की समोरची भिंत दिसत नाही. मामाही आत जाऊन पडतात. ते तीन तास माझे.

मैफलीसाठी अँप हवा. गावातले जे दोन चांगले आहेत ते वादकांनी दक्षिणेला नेलेत, येतील तेव्हा येतील. दुकानाच्या कोपऱ्यात राखाडी घोंगडीखाली एक आहे. काल घोंगडी वर करून पाहिली. जुना, व्हॉल्व्हचा म्हणजे काचेच्या नळ्यांचा, इटलीहून आलेला, लाकडी पेटी, पुढच्या कापडावर एक भाजल्याचा डाग. आजकालच्या त्या ट्रान्झिस्टरच्या डब्यांना असा आवाज उभ्या जन्मात येणार नाही. मामांना म्हटलं, हा मी दुरुस्त करतो. म्हणाले, तो राहू दे. म्हटलं, का? म्हणाले, तो कुणाचा तरी आहे. कुणाचा? मामांनी मुंडाशाचा पदर नाकावर ओढला आणि चहाच्या भांड्याकडे बघत राहिले. बस. एवढंच उत्तर.

आज दुपारी पाठची फळी उघडली. आत कापडी पट्टी चिकटवलेली, तिच्यावर आपल्या लिपीत, स्वर न लिहिता, शाईने चार अक्षरं. व, क, स, म. ऊक्सेम. लेमतूनाचा भाऊ.

दोन वर्षांपूर्वी सीमेकडे जाताना गाडी उलटली त्याची. त्यानंतर ते नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. घरच्यांनी ते घर सोडलं, गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले, त्याच्या वस्तू इकडे तिकडे दिल्या. हा अँप मामांकडे आला आणि घोंगडीखाली गेला. आमच्यात असंच. गेलेल्याचं नाव घेतलं की ती हाक होते, आणि हाक मारली की माणूस येतो. ओसाडीतून येतो. असूफमधून. अल्जियर्सला खोलीतल्या पोरांना हे सांगितलं तेव्हा ती गडाबडा लोळली होती हसून. त्यांच्याकडे मेलेल्यांची नावं रस्त्यांना देतात, बस थांब्यांना देतात, दिवसभर कंडक्टर ओरडत असतो. कोण येतं?

पण मला एक सुचलंय. लेमतूनाला या अँपमधून माझी गिटार ऐकू आली तर? भावाचा आवाज परत आल्यासारखं नाही का होणार तिला?

मंगळवार, ५ एप्रिल

सकाळी मामांशी भांडलो. आवाज चढला तो माझाच. म्हटलं, तुम्ही सगळे एका पेटीला घाबरता. मामांनी हातातला पंखा बाजूला ठेवला. मग म्हणाले, करायचाच असेल तर कर. तार छेडून बघ. पण त्यात बोलू नकोस. मी विचारलं, बोललं तर काय होईल? ते म्हणाले, मी सांगू शकत नाही. मला वाटलं, त्यांना माहीत नाही. आता वाटतं, सांगायचं तर नाव घ्यावं लागलं असतं.

दुपारी चालू केला. व्हॉल्व्ह पेटले, नारिंगी, छान. आणि आवाज केवढा! खाली एक जाड घरघर, तिच्यावर सूंऽऽ, त्यात मधूनच तडतड, चरचर. दोन वर्षं पडून राहिलेल्या यंत्राला एवढं तर होणारच. व्हॉल्यूम पूर्ण खाली केला तरी घरघर तेवढीच. म्हणजे ती पुढून येत नाही, पाठून, विजेच्या बाजूने येतेय. मोठे कंडेन्सर वाळले असणार. कॉलेजात एवढं तरी शिकलो.

तेवढ्यात राइशा सरबत घेऊन आली. पेटी बघून दारातच थबकली. म्हणाली, ही घेऊन जाशील मैफलीला? वेडा झालायस का रे अखमूक? बायका उठून जातील. मी म्हटलं, एका नावासाठी? म्हणाली, हळू बोल. तेच ते, 'हळू बोल.' डोकं सणकलं. कितीतरी दिवसांनी सणकलं, बरंच वाटलं. टेबलावर माइक होता, तो जोडला आणि त्यात मोठ्यांदा म्हणालो, एक, दोन, तीन, ऊक्सेम.

राइशाने कान झाकले. मग गेली. टोमणा न मारता गेली, हे पहिल्यांदाच.

एक गोष्ट लिहून ठेवतो. नाव घेतल्यावर घरघर क्षणभर कमी झाली. कुणी नीट ऐकू यावं म्हणून श्वास रोखतं तशी. मग परत पहिल्यासारखी. विजेचा दाब खाली-वर झाला असेल, दुपारचे सगळे पंखे चालू असतात.

त्यानंतर मी प्लग काढला आणि आत हात घातला. कंडेन्सर रिकामे केले नव्हते. प्लग काढला तरी त्यांच्यात वीज साठून असते हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. झटका उजव्या तळहातातून कोपरापर्यंत गेला. पडलो. उठलो तेव्हा तळहात पांढरा होता आणि त्याला काही कळत नव्हतं. जळत्या काडीजवळ नेला, काही नाही. होईल दोन दिवसांत बरा.

गुरुवार, ७ एप्रिल

मोठे कंडेन्सर बदलले. मामांच्या पत्र्याच्या डब्यात तशाच मापाचे निघाले. अर्थिंगची तार पेटीला सैल होती, तीही घासून घट्ट केली. चालू केला. घरघर पार गेली. भांडं घासून पालथं घालावं तसं. काम चांगलं झाल्याचं समाधान मिळायला हवं होतं. मिळालं असेल.

चारच्या सुमाराला वीज गेली. मामा जनरेटर लावून बाहेर गेले. मी तसाच काम करत बसलो. राइशा बाहेरून ओरडत आली, जनरेटरपाशी जाऊन तो बंद केला आणि मग माझ्याकडे वळली. म्हणाली, तासभर हा बैलासारखा हंबरतोय, वीज कधीच परत आली, तुला ऐकू येत नाही का? मी म्हटलं, अजून चालू होता? म्हणाली, प्रेमात पडलेल्यांचे कान जातात हे ऐकलं होतं, पण इतके?

हसलो आम्ही. ती आली हे बरं वाटलं. मंगळवारचं तिने काही काढलं नाही.

तळहात तसाच. राइशाने बकरीचं लोणी चोळलं. चोळताना मी बघत होतो, म्हणून कळलं की ती चोळतेय.

शनिवार, ९ एप्रिल

आता 'सूं'. एकेक व्हॉल्व्ह काढून पाहिला. पहिला काढला तरी आहे, दुसरा काढला की बंद. म्हणजे दुखणं या दोघांच्या मधलं. जुन्या धाटणीचा कोळशाचा रेझिस्टर तिथे, म्हातारा झालेला, आतल्या आत सुसकारे टाकत होता. तो तोडून नवा जोडला. डाव्या हाताने सोल्डरिंग करायला लागलं, उजव्याला पकड कळत नाही. 'सूं' गेला.

पेटी आता इतकी स्वच्छ आहे की तार छेडल्यावर सूर हवेत नुसता उभा राहतो. लेमतूनाच्या आईने नाक मुरडलं तरी सूर ऐकून बसेल.

संध्याकाळी चहा मी ठेवला. भांडं उतू जाऊन शेगडी विझली, खोलीभर गॅसचा वास. मामा धावत आले. मी भांड्यापासून हातभर अंतरावर पुस्तक वाचत बसलो होतो. मामा म्हणाले, उकळताना ऐकलं नाहीस? मी म्हटलं, लक्ष नव्हतं.

पण लक्ष होतं. मी वाटच बघत होतो उकळीच्या आवाजाची.

रविवार, १० एप्रिल

आज वारा आहे. गल्लीतली वाळू जमिनीलगत सरपटतेय, दिसतेय. आवाज नाही. लहानपणापासून ज्या आवाजात झोपलो तो नाही. शेगडी पेटवून कान जवळ नेला. ज्योत निळी, आवाज नाही. भुवया थोड्या जळल्या.

पंखा लावला. पाती फिरतात, वारा लागतो. घरघर नाही.

योगायोग म्हणतो आणि पुढचं करतो. पाच दिवस राहिलेत.

सोमवार, ११ एप्रिल

चरचर घालवली. व्हॉल्व्हच्या बैठकीत गंज चढला होता. औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणलं, एकेक खीळ पुसली, व्हॉल्यूमच्या खुंट्यांमध्ये चार थेंब टाकून पन्नास वेळा इकडून तिकडे फिरवल्या. साधं काम. करताना थांबावंसं वाटलं. का थांबावं हे स्वतःला सांगता आलं नाही, म्हणून थांबलो नाही. पेटी नीट झाल्याशिवाय मैफल नाही, मैफलीशिवाय उत्तर नाही.

चालू केला. चरचर नाही.

लगेच कोळशाच्या शेगडीपाशी गेलो. ठिणग्या उडत होत्या. कागद चुरगळला. पुन्हा चुरगळला. आता हे लिहितोय ते पेन कागदावर घासतंय की नाही मला माहीत नाही. शाई येते म्हणून घासत असणार.

मंगळवार, १२ एप्रिल

जुना रेझिस्टर कचऱ्यातून शोधून परत जोडला. राइशाला म्हटलं, ऐक, 'सूं' येतोय का? म्हणाली, हो, साप सोडल्यासारखा. मला नाही. जोडला काय, तोडला काय. पेटीतून घालवलं ते माझ्या कानांतूनही गेलं, आणि गेलेलं जातंच.

फक्त माणसांचे आवाज राहिलेत. आणि गिटारचा. तेही कसे, धुऊन वाळत घातल्यासारखे. पाऊल वाजत नाही, दार करकरत नाही. मी मान खाली घालून बसलेला असतो आणि एकदम कुणीतरी बोलतं, अगदी कानाशी. दचकून वर बघावं तर मामा. किंवा गिऱ्हाईक. सगळ्यांची तोंडं मुंडाशाने झाकलेली. कोण बोललं ते डोळ्यांवरून ओळखायचं.

आज दुपारी दोन वाजता कुणीतरी म्हणालं, झालं का रे?

वर पाहिलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, दोघं पंखा बघत होते. मी विचारलं, काय म्हणालात? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातला एक म्हणाला, आम्ही कुठे काय म्हणालो?

दोन वाजता गिऱ्हाईक कसं येईल हे माझ्या मागाहून लक्षात आलं. दुकानाची फळी लावलेली होती. आतून.

घाबरलो असं वाटत नाही. उठून कडी लागलेली आहे का ते परत पाहिलं.

बुधवार, १३ एप्रिल

एकच दोष राहिलाय. पहिला व्हॉल्व्ह. म्हातारे व्हॉल्व्ह आतून सैल होतात, मग त्यांना धक्का लागला की किणकिणतात, माइकसारखा बाहेरचा आवाज पकडतात. त्यासाठी पेन्सिलीने टकटक करून बघायचं असतं.

केली. किणकिण नाही.

गुणगुण. पुरुषाची. एक चाल आहे, वर चढते, वळते आणि एका जागी थांबते. परत टकटक केली. तीच चाल, त्याच जागी थांबली. सात वेळा. सातही वेळा तिथेच. पुढचं येत नसल्यासारखी. की पुढचं माझ्याकडून हवंय —

हा व्हॉल्व्ह काढला की काय जाईल ते मला कळलंय. मी काढणार नाही. शुक्रवारपर्यंत नाही. गुणगुण राहू दे.

लेमतूनाचा आवाज मी दोन वर्षांत ऐकलेला नाही. निदान एकदा.

मामांना सगळं सांगितलं. नाव घेतलं होतं तेही. मुंडाशातून नुसते डोळे. मग त्यांनी विचारलं, किती वेळा? म्हटलं, एकदाच. म्हणाले, दोन वर्षं झाली रे त्या पोराला, कुणी एकदासुद्धा हाक मारली नव्हती.

आणि रडले. मामांना रडताना मी कधी बघितलं नव्हतं. मलाही रडू येईल म्हणून वाट पाहिली.

गुरुवार, १४ एप्रिल

दुपारी डोळा लागला. जाग आली तेव्हा मामा समोर उभे. हातात काचेचा चुरा, बोटातून रक्त. अँपची पाठ उघडी. पहिल्या व्हॉल्व्हच्या जागी नवा.

म्हणजे त्यांनी — माझ्यासाठी. तो व्हॉल्व्ह नेऊन दगडावर फोडला. त्याला घालवायला. मी काल नीट सांगितलं नव्हतं का? की सांगितलं होतं, आणि त्यांना वाटलं —

मामा बोलत आहेत की नाहीत मला कळत नाही. मुंडासं हलतं. वाऱ्यानेही हलतं.

राइशाचं तोंड उघडं आहे. ओठ हलतात. काहीतरी चिडवतेय असं वाटतं, कारण अर्धं हसतेय. मग हसायची थांबली. मग माझा चेहरा दोन्ही हातांत धरून काहीतरी एकच परत परत म्हणत राहिली.

तिला लिहून दाखवलं: उद्या मी जाणार.

तिने लिहिलं: अखमूक, कशाला?

उत्तर हातावर मिळतं. कान कशाला लागतात त्याला? हे मला आत्ताच सुचलं आणि केवढं हलकं वाटलं. कान गेले तर गेले.

मग तळहात आठवला.

रात्र व्हायच्या आत सगळे उपाय केले. तापलेली वाळू. मिरची. सुई टोचली, रक्त आलं, टोचलेलं कळलं नाही. पांढरेपणा आता कोपराच्या वर. डावा हात शाबूत आहे. पण डावा पुढे करणं म्हणजे तिच्या आईसमोर तिच्या तोंडावर थुंकणं.

उद्यापर्यंत येईल. थोडं तरी येईल. हो आणि नाही यात पुष्कळ फरक आहे, बोटाला वेगळं वळण लागतं. तेवढंच कळलं तरी पुरे.

शुक्रवार, १५ एप्रिल. संध्याकाळ

गेलो. राइशाने पेटी आणि जनरेटर उचलायला हात लावला. एक शब्द — म्हणजे ओठ हलले नाहीत.

पात्रात सगळे गोल बसलेले. बायका एकीकडे, निळी कापडं, मेंदी. लेमतूना आईशेजारी. दोन वर्षांत बारीक झालीय. जीपवाला टेकून बसलेला.

वाजवलं. बोटं तारांवर कुठे पडतात ते डोळ्यांनी बघत वाजवलं. मला पाठ असलेलंच वाजवत होतो. निदान तसं ठरवलं होतं. मग लोकांचे चेहरे पाहिले. लेमतूनाच्या आईने पदर तोंडावर घेतला होता. एक म्हातारा उठून चालायला लागला. मी हाताकडे पाहिलं. हात मला माहीत नसलेलं काहीतरी वाजवत होता. वर चढत, वळत —

आणि थांबला नाही. पुढे गेला. राहिलेलं पुरं केलं.

लेमतूना रडत होती. पण उठून आली. एवढ्या माणसांतून माझ्याकडे. शेजारी बसली, चादर ओढली दोघांच्या गुडघ्यांवर. मी डावा पुढे करणार होतो. आई बघत होती. उजवा दिला.

तिने घेतला. म्हणजे तिचा खांदा वाकला. खांदा हलत होता. ती लिहीत होती. मी खांद्यावरून वाचायचा प्रयत्न केला. वळण कुठे, रेघ कुठे. थंड नाही, गरम नाही. काही नाही.

खांदा थांबला.

आता मी लिहायचं असतं. तिच्या हातावर एक गोल, कळलं म्हणून. काय कळलं म्हणून काढू? खोटा गोल काढायचा होता. बोट हलवलं. हललं की नाही —

तिने माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. छोटंसं काहीतरी. परत एकदा. मग चादर खाली पडली, म्हणून कळलं की तिने हात सोडलाय.

गेली. जीपवाल्याकडे नाही. आईकडे नाही. नुसती पात्रातून वर, घराकडे. एकदा वळली. मी हात वर केला असता तर —

मी तिथेच बसून होतो. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं, माझ्याच हातावर झालं, आणि मला माहीत नाही काय झालं. रडू नाही. डोकंही सणकलं नाही.

लोक उठले, गेले. कुणी नव्हतं शेजारी. डावा हात मांडीवर, उघडा.

आणि त्याला कळलं.

बोट. दहा दिवसांत पहिलं. टोकाला घट्टा, तारेवर घासून घासून येतो तसा. थंड. सावकाश, शाळेतल्या पोराने काढावं तसं एकेक. व. क. स. म.

मी मूठ मिटली. पळत आलो. फळी लावली, कडी लावली. पेटी तिकडेच राहिली पात्रात. मूठ अजून मिटलेली आहे. मिटलेल्या मुठीत बोट आहे. थांबलेलं.

मामा दार वाजवत असतील. वाजवू देत.

मी त्याला एकदा हाक मारली होती. आता तो —

पुन्हा लिहायला लागला. या वेळी त्याचं नाही.

ख

म